योसेमिटीत ट्रेक आणि कॅम्पिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

योसेमिटीला निघालेल्या मंडळींचे प्रश्न वर्षभर येत असतात. मार्चमध्ये हाफ डोम या ग्रॅनाइटच्या उंच घुमटावर चढायच्या परमिटचे, मे महिन्यात धबधब्यांचे, आणि अस्वलांचे तर बाराही महिने. जे पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिलेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तिथला क्रमांक सांगितलाय.

१. योसेमिटी म्हणजे नेमकं काय? एक दरी की अख्खा डोंगराळ प्रदेश?

दोन्ही. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेतलं हे सुमारे ३,००० चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे. १८६४ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी योसेमिटीची दरी आणि मारिपोसा ग्रोव्हचे महाकाय सिकोया वृक्ष राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली, १८९० मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि १९८४ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे.

बहुतेक लोक फक्त दरी बघून परततात. दरीचा तळ समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटरवर आहे. एल कॅपिटनचा कडा तिथून जवळजवळ ९०० मीटर सरळ वर जातो. पण उत्तरेकडे टायोगा रोडने वर गेलात की टेनाया लेक आणि टुऑलमी मेडोज लागतात. तिथली उंची २,५०० ते २,६०० मीटर. हवा थंड, गर्दी बरीच कमी आणि उघड्या ग्रॅनाइटचे घुमट नजर जाईल तिथवर. दोनच दिवस असतील, तर त्यातला एक वरच्या भागाला द्या असं मी सगळ्यांना सांगतो.

२. सह्याद्रीत दहा-बारा वर्षं ट्रेक केलेत. इथे वेगळं असं काय असणार?

पायाखालचा दगड. सह्याद्री बेसाल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक साचले, म्हणून तिथे पायऱ्या, खोबणी, कपारी मिळतात. हात घालायला काहीतरी सापडतंच. ग्रॅनाइट जमिनीखाली काही किलोमीटर खोल, सावकाश थंड झालेला दगड. इथला बराचसा सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. वरचं ओझं झिजून गेलं तसा आतला दाब मोकळा झाला आणि पृष्ठभागाला समांतर भेगा पडत गेल्या. म्हणून तो पापुद्र्यांनी सुटतो आणि मागे गुळगुळीत, गोलसर पाठ उरते. तिच्यावर पकडायला काहीच नसतं. सगळा भरवसा बुटाच्या तळव्याच्या घर्षणावर.

कोरडा ग्रॅनाइट पाय घट्ट धरतो, आणि त्यातूनच नको तेवढा आत्मविश्वास येतो. धोक्याच्या जागा तीन. पहिली, ओला दगड. दुसरी, हिमनदीने घासून चकाकी आणलेला पट्टा. टेनाया लेकच्या आसपास तो बघाच. हात फिरवला की काचेसारखा लागतो, मधूनच बोटाला बारीक चरे जाणवतात. हिमनदीच्या तळाला अडकलेल्या दगडांनी ओढलेले ते ओरखडे आहेत. या तळ्याचं मूळ आदिवासी नाव होतं पायवीअॅक, म्हणजे चकाकत्या खडकांचं. तिसरी जागा म्हणजे मुरूम. ग्रॅनाइट झिजला की गारगोटी आणि फेल्डस्पारचे ज्वारीएवढे दाणे सुटे होतात आणि सपाट कातळावर पसरतात. आपल्या घसाऱ्यात पाय रुततो तरी. इथे खाली कडक दगड, वर गोल दाणे, त्यामुळे पाय सरळ पुढे निघतो. उतरताना पावलं लहान टाका, पूर्ण तळवा टेकवा, आणि वाळूचा पट्टा चुकवून स्वच्छ दगडावरूनच चाला.

दुसरा मोठा फरक सावलीचा आणि पाण्याचा. कातळावर दुपारी खालूनही ऊन भाजतं, आणि गडावरच्यासारखं टाकं वाटेत भेटणार नाही.

३. कोणत्या महिन्यात जावं?

धबधबे हवे असतील तर मे आणि जूनची सुरुवात. योसेमिटी फॉल ७३९ मीटरचा आहे, पण तो वितळत्या बर्फावर चालतो. ऑगस्टपर्यंत बहुतेक वेळा आटतो.

उंचावरचे ट्रेक करायचे असतील तर जुलै ते सप्टेंबर. टायोगा रोड साधारण नोव्हेंबरात बर्फामुळे बंद होतो आणि मेअखेर किंवा जूनमध्ये उघडतो. पण हिवाळा कसा गेला त्यावर सगळं अवलंबून. २०२३ मध्ये तो २२ जुलैला उघडला. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या बर्फाचा अंदाज घ्या. जून-जुलैत टुऑलमी मेडोजला डास फार असतात. सप्टेंबर माझा आवडता: डास गेलेले, ओढे उतरलेले, रात्री थंड आणि आकाश स्वच्छ.

४. आत जायला काय काय लागतं? फी, आरक्षण, परमिट यात गोंधळ होतोय.

प्रत्येकाला लागते ती प्रवेश फी. खासगी गाडीला ३५ डॉलर, सात दिवस चालते. २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांना योसेमिटीसह ११ उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा आहेत (१६ वर्षांवरील). परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. भारतातून कुटुंब येणार असेल, तर आधी तो हिशोब करा.

गर्दीच्या दिवसांत गाडीसाठी वेळेचं आरक्षण काही वर्षी लागतं, काही वर्षी लागत नाही. जायच्या वर्षीचा नियम उद्यानाच्या अधिकृत साइटवर बघा, गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राचं ऐकू नका.

दिवसाच्या ट्रेकला परमिट लागत नाही, फक्त हाफ डोम सोडून (प्रश्न ९). रात्री रानात राहायचं तर विल्डरनेस परमिट हवंच (प्रश्न ११). कॅम्पग्राउंडचं बुकिंग पुन्हा वेगळं. एक असलं म्हणून दुसरं मिळत नाही.

५. कॅम्पग्राउंड मिळतच नाही! कसं करायचं?

दरीतल्या अपर पाइन्स आणि लोअर पाइन्सची बुकिंग पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला, कॅलिफोर्नियाच्या वेळेनुसार सकाळी ७ वाजता रिक्रिएशन डॉट गव्ह या साइटवर उघडतात. उन्हाळ्यातल्या जागा काही मिनिटांत संपतात. खातं आधी उघडून ठेवा, लॉगिन करून बसा, तीन-चार पर्यायी तारखा कागदावर लिहून ठेवा. नाही मिळालं तर रोज साइट बघत राहा, कारण रद्द होणाऱ्या जागा शेवटच्या आठवड्यापर्यंत सुटत असतात. माझी निम्मी बुकिंग अशीच मिळाली आहेत.

कॅम्प फोर ही गिर्यारोहकांची ऐतिहासिक जागा. हंगामात तिचं बुकिंग एक आठवडा आधी उघडतं, आणि तिथे एका जागेत अनोळखी लोकांबरोबर तंबू लावावा लागतो.

६. आई-बाबा सत्तरीचे आहेत. गुडघ्यांना झेपेल असं काही आहे का?

भरपूर आहे. लोअर योसेमिटी फॉलची वाट डांबरी आणि जवळपास सपाट आहे. ग्लेशियर पॉइंटला उन्हाळ्यात गाडी वरपर्यंत जाते आणि दरी तुमच्या पायाशी जवळजवळ ९८० मीटर खाली दिसते. टेनाया लेकचा काठ तर नुसतं बसायलाही सुंदर. दरीत मोफत शटल बस फिरते, म्हणून गाडी एकदा लावली की हलवू नका. वर टुऑलमीला नेणार असाल तर आदली रात्र दरीत काढा. थेट समुद्रकाठच्या शहरातून अडीच हजार मीटरवर नेलं की डोकं दुखतं, दम लागतो, आणि बिचारे "काही नाही रे" म्हणत राहतात.

७. एकच दिवस आहे आणि खरा ट्रेक करायचाय. कोणता?

मिस्ट ट्रेल. व्हर्नल फॉलच्या माथ्यापर्यंत साधारण दोन किलोमीटरची वाट. शेवटच्या टप्प्यात ग्रॅनाइटच्या सहाशेहून जास्त पायऱ्या, आणि मे-जूनमध्ये धबधब्याचे तुषार असे उडतात की रेनकोट नसेल तर चिंब व्हाल. दम असेल तर पुढे नेवाडा फॉलपर्यंत जा आणि उतरताना जॉन म्युअर ट्रेलने या. ओल्या पायऱ्यांवरून उतरणं हे चढण्यापेक्षा अवघड आहे, गुडघ्यांनाही आणि मनालाही.

वर टुऑलमीला राहणार असाल तर लेंबर्ट डोम करा. छोटा ट्रेक आहे, पण घुमटाच्या पाठीवरून चालणं म्हणजे काय ते तिथे कळतं.

८. अस्वलं खरंच येतात का? खाणं गाडीत ठेवलं तर चालेल?

येतात, आणि अंधार पडल्यावर गाडीत खाणं ठेवायला बंदी आहे. इथे फक्त ब्लॅक बेअर आहेत (नाव काळं, पण बहुतेक तपकिरी दिसतात), उद्यानात अंदाजे ३०० ते ५००. त्यांना माणसात रस नाही, वासात आहे. काच फोडून, दार वाकवून गाडीत शिरतात.

म्हणून प्रत्येक कॅम्पसाइटवर लोखंडी फूड लॉकर असतो. खाणं म्हणजे फक्त जेवण नव्हे. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, लिप बाम, बाळाचे वाइप्स, रिकामा कूलर, चिवड्याची मोकळी पिशवी, सगळं त्यात. कडी नीट बसल्याचा खटका ऐकू आला पाहिजे. नुसतं दार लोटून ठेवणं म्हणजे उघडंच ठेवणं. लॉकर दिवसाही बंद असू द्या. एकदा आमच्या शेजारच्या साइटवर कुणीतरी कूलर बाकाखाली विसरला. रात्री दोनच्या सुमारास प्लास्टिक चिरल्याचा आवाज आला. सकाळी कूलरवर चार समांतर चरे होते, आणि रेंजर त्या अस्वलाचा माग काढत फिरत होते.

मला त्या कूलरचं वाईट वाटलं नाही, अस्वलाचं वाटलं. एकदा माणसाच्या खाण्याची चटक लागली की ते धीट होतं, पुन्हापुन्हा येतं, आणि शेवटी त्याला मारावं लागण्याची पाळी येते. चूक आपली, जीव त्याचा जातो. रस्त्यावर गाडीखाली येऊनही अस्वलं मरतात, म्हणून वेगमर्यादा पाळा, विशेषतः संध्याकाळी.

कॅम्पग्राउंडमध्ये अस्वल दिसलं तर सगळ्यांनी मिळून मोठ्याने ओरडून हाकला. रानात दिसलं तर किमान ४५ मीटर लांब राहा आणि त्याला जाऊ द्या.

९. हाफ डोमचं परमिट कसं मिळतं? केबल म्हणजे नक्की काय?

हंगामाची लॉटरी मार्च महिन्यात असते, निकाल एप्रिलमध्ये. एका अर्जात सहा जण आणि सात तारखा देता येतात. शिवाय रोजची लॉटरी दोन दिवस आधी. दिवसाला साधारण ३०० जणांनाच सोडतात. एकाच माणसाच्या नावाने दोन अर्ज करू नका, दोन्ही बाद होतात.

येऊन-जाऊन २३ ते २६ किलोमीटर आणि जवळपास १,४६० मीटर चढ, म्हणजे १० ते १२ तास. शेवटचे १२० मीटर उघड्या कातळावरून. दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर पोलादी दोर, खांबांवर टांगलेले, आणि मधे थोड्या थोड्या अंतरावर पाय टेकवायला लाकडी फळी. हे दोर १९१९ मध्ये पहिल्यांदा बसवले. चढताना सगळा भार हातांवर येतो, म्हणून चांगल्या पकडीचे हातमोजे न्या. दोरांच्या बाहेरून कुणाला ओलांडून जायचा प्रयत्न कधीच करू नका.

१०. लॉटरी लागली, सुट्टी काढली, सब डोमपर्यंत (दोरांच्या आधीचा छोटा घुमट) पोचलो आणि ढग आले. थोडक्यात उरकता येईल ना?

नाही. परत फिरा.

या उत्तरावर मला सर्वात जास्त नाराजीचे निरोप येतात, म्हणून कारण सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी इथे वादळी ढग चढतात. हाफ डोमचा माथा उंच आणि उघडा, त्यावर एकही आडोसा नाही, आणि खाली उतरायची एकमेव वाट पोलादी दोरांची. २७ जुलै १९८५ ला माथ्यावर वीज पडून दोघे गेले. वीज नाही पडली तरी पाऊस पुरतो. ओला ग्रॅनाइट काय करतो ते प्रश्न २ मध्ये आहे, आणि इथला उतार जिन्यापेक्षाही तीव्र आहे.

मी स्वतः एकदा सब डोमवरून परत आलो आहे. सकाळी अकरालाच शेजारच्या क्लाउड्स रेस्ट शिखराच्या मागे पांढरा गड्डा फुगायला लागला होता. वर चाललेली माणसं दिसत होती, त्यामुळे जीव खूप खालीवर झाला. तासाभरात गारा आल्या. तेव्हापासून मी पहाटे चार-साडेचारला निघतो आणि दुपारी बारापर्यंत माथ्यावरून खाली, असं गणित ठेवतो. ढग आकाशात कुठेही उभे वाढताना दिसले, की दोरांना हात लावायचा नाही.

११. विल्डरनेस परमिट कुणाला, आणि तंबू कुठेही लावता येतो का?

कॅम्पग्राउंड सोडून रानात एक रात्र जरी काढायची असेल तरी परमिट हवं, वर्षभर. ६० टक्के जागा २४ आठवडे आधीच्या लॉटरीने जातात, उरलेल्या ४० टक्के सात दिवस आधी सकाळी ७ वाजता उघडतात. कोटा ट्रेलहेडप्रमाणे, म्हणजे वाट जिथून सुरू होते त्या जागेप्रमाणे आहे, त्यामुळे एक ट्रेलहेड भरला असला तरी शेजारचा मोकळा असू शकतो. परमिट घ्यायला स्वतः ऑफिसात जावं लागतं.

तंबू पाण्यापासून आणि वाटेपासून ३० मीटर तरी लांब. दरी, टुऑलमी मेडोज, ग्लेशियर पॉइंट अशा वस्तीच्या भागांपासून वाटेने ६.४ किलोमीटर आणि रस्त्यापासून १.६ किलोमीटर गेल्याशिवाय मुक्काम नाही. खाणं बेअर कॅनिस्टर नावाच्या कडक डब्यातच. झाडाला टांगून ठेवणं इथे बेकायदा आहे, कारण अस्वलांनी ती युक्ती कधीच शिकून घेतली. डबे परमिट ऑफिसात भाड्याने मिळतात. रात्री तो तंबूपासून थोडा लांब ठेवा, पण कड्याच्या किंवा ओढ्याच्या काठावर नको, ढकलला गेला की सकाळचा नाश्ताही गेला.

१२. कातळावर खुंट्या कशा ठोकायच्या?

ठोकत नाहीत. स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा तंबू न्या. दोरीचा फास नारळाएवढ्या दगडाला घाला आणि त्याच्यावर दुसरा मोठा दगड ठेवा. उघडा कातळ किंवा वाळू ही मुक्कामाला उत्तम जागा. कुरणात तंबू लावू नका. तिथलं गवत जेमतेम काही आठवडे वाढतं, दाबलं गेलं की वर्षभर उठत नाही. निघताना दगड होते तिथे परत ठेवा.

१३. पाणी कुठलं प्यायचं? आणि वर डाळभात शिजेल का?

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून किंवा उकळून. जिआर्डिया या पाण्यातल्या सूक्ष्म परजीवीने पोट बिघडलं की तीन-तीन आठवडे पिच्छा सोडत नाही. २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा.

भात होतो, डाळ नाही. टुऑलमीच्या उंचीवर पाणी साधारण ९१ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ तासभर उकळली तरी दाणा कचकचीत. आणलेलं गॅसचं सिलिंडर संपतं ते वेगळंच. घरी शिजवून वाळवलेली डाळ, उपमा किंवा पोह्यांचं तयार मिश्रण न्या. गॅसचं सिलिंडर विमानात नेता येत नाही, इथेच घ्या.

१४. शेकोटी पेटवता येते का?

कॅम्पग्राउंडमध्ये ठरलेल्या कुंडात, त्या वेळी बंदी नसेल तर. रानात ९,६०० फुटांच्या (२,९२६ मीटर) वर कधीच नाही. तिथे लाकूड इतकं हळू तयार होतं की एका रात्रीच्या शेकोटीत कित्येक वर्षांची वाढ जळते. खाली जुनी, वापरलेली चूल असेल तीच वापरा. ग्रॅनाइटवर नवीन चूल मांडली की काळा डाग राहतो आणि पापुद्रे तडकतात.

१५. शौचाचं काय? खड्डा खणायला मातीच नसते!

खरी अडचण आहे. म्हणून घाई व्हायच्या आधीच झाडांखाली माती कुठे आहे ते हेरून ठेवा. पाण्यापासून ३० मीटर लांब, १५ सेंटीमीटर खोल. टिश्यू पुरायचा नाही, घट्ट पिशवीत घालून परत आणायचा. दगडाखाली दडपून ठेवणं हा उपाय नव्हे.

१६. धबधब्याच्या वर छान डोह आहे. पाय बुडवले तर काय बिघडतं?

जीव जातो. जुलै २०११ मध्ये व्हर्नल फॉलच्या माथ्यावर कठडा ओलांडून पाण्यात उतरलेले तिघे वाहून गेले. वरून डोह संथ दिसतो. खाली प्रवाहाने घोटलेला, शेवाळलेला ग्रॅनाइट असतो, पाणी नुकत्याच वितळलेल्या बर्फाचं, आणि पाय सुटला की धरायला काहीही नाही. कठड्याच्या आत राहा, मुलांचा हात सोडू नका. पोहायचं असेल तर उन्हाळ्याच्या शेवटी, दरीत, मर्सेड नदी उतरल्यावर.

ओढा ओलांडायची वेळ आली तर सकाळी लवकर ओलांडा. दिवसभर बर्फ वितळून संध्याकाळी पाणी चढतं.

१७. दरडी कोसळतात म्हणे. दरीत राहणं सुरक्षित आहे का?

दरवर्षी कित्येक लहानमोठ्या कोसळतात. प्रश्न २ मध्ये सांगितलेले पापुद्रे सुटतात तेच हे. १० जुलै १९९६ ला हॅपी आइल्सजवळ मोठा खडक सुटला, तेव्हा नुसत्या हवेच्या झोताने शेकडो झाडं आडवी झाली आणि एक माणूस गेला. २००८ च्या दरडीनंतर कड्याखालच्या काही राहण्याच्या जागा कायमच्या बंद केल्या. तेव्हा धोका आहे, पण तो कड्याच्या पायथ्याशी जास्त. ताज्या, पांढऱ्या फुटलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यावर बसून डबा खाऊ नका, आणि बंद केलेली वाट बंदच समजा.

१८. रात्री उशिरा पोचलो आणि जागा नाही. गाडीत झोपलो तर?

रस्त्याकडेला किंवा पार्किंगमध्ये नाही. रेंजर उठवतात आणि दंड होतो. बुकिंग असेल तर कितीही उशिरा पोचा, आपल्या साइटवर गाडीत झोपायला हरकत नाही, पण खाणं लॉकरमध्येच. बुकिंग नसेल तर उद्यानाबाहेर मुक्काम शोधून ठेवूनच निघा. आत फोनला रेंज फार थोड्या ठिकाणी मिळते, तिथे पोचून शोधता येणार नाही. नकाशाही आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

१९. आम्ही आठ जण आहोत, एक साइट पुरेल?

नाही. एका साइटवर मुलं धरून सहा जण. दोन साइट घ्या. रानात मात्र वाटेवर १५ जणांपर्यंत आणि वाट सोडून ८ जणांपर्यंत गट चालतो.

२०. ऑक्टोबरअखेर जातोय. केबलचे खांब काढलेले असतात, तेव्हा परमिट लागत नाही म्हणे. मग हाफ डोम चढता येईल?

कायद्याने वर जायला तेव्हा बंदी नसते, एवढंच खरं. खांब आणि फळ्या साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत काढलेल्या असतात, दोर कातळावर आडवे पडलेले असतात आणि सावलीत बर्फाचा पातळ थर धरतो. दोर उचलून चढण्यात लोक मेले आहेत. रोपवर काम करणारे, साधनं असलेले गिर्यारोहक नसाल तर त्या महिन्यात सेंटिनल डोमवर जा. येऊन-जाऊन साडेतीन किलोमीटर, माथा २,४७५ मीटरवर. ग्लेशियर पॉइंटचा रस्ता बर्फाने बंद झालेला नाही ना, एवढं सकाळी विचारून घ्या.